फोटोतली बाही मी ओळखली

बायांनो, आत्ताच पोलीस ठाण्यातून आले.

गेल्या सोमवारी माझं एटीएम कार्ड दिसेनासं झालं. शेजारची मैत्रीण धावत आली. तिनं माझ्यासोबत कणकेचा डबासुद्धा उपसला. मी कार्ड बंद करायला बँकेत फोन लावत होते, तर तिनंच हात धरला. "घरातच असन वं. बंद काऊन करून राह्यली? नवीन याले पंधरा दिवस लागतात."

मी दोन दिवस थांबले. तेवढ्यात जळगाव जामोदच्या एटीएममधून माझी शिलाईची सगळी कमाई कोणीतरी काढून नेली.

आज साहेबांनी तिथल्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. बाईनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता, नुसते डोळे दिसत होते. पण ब्लाऊजच्या बाहीला दुहेरी झालर होती. ती मीच लावली होती, तिच्या भाचीच्या लग्नासाठी. शिलाईही घेतली नव्हती.

पिनही मीच सांगितला होता. माझा पाय मुरगळला तेव्हा तीच पैसे आणून द्यायची.

मी साहेबांना तिचं नाव सांगितलं.

घरी आले तर ती दारातच उभी. "सापडलं का वं कार्ड?"

मी तिच्या बाजूनं आत गेले आणि दार लावून घेतलं.

कार्ड दिसलं नाही तर आधी बंद करा, मग शोधा. कोणी कितीही हात धरला तरी.

तिचा दुसरा ब्लाऊज माझ्या मशीनवर पडलाय. एकच बाही राहिली आहे. सांगा, शिवू का?