आवाज बंद केलेली लढाई

आबामामा गेल्याचे फोन मीच सगळ्यांना केले. शेवटी त्यांच्याजवळ मीच होतो. महिना होऊन गेला, तरी उलव्याला त्यांच्या घरी गेलो की त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नाही...

मामा साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. रविवारी दुपारी जुना युद्धपट लावायचे आणि पडद्यावरच्या शूरवीरांची यथेच्छ टर उडवायचे. "एवढं लढला, पन टोपी तिरपी झाली न्हाय गड्याची!" आमची हसून पुरेवाट. पण जखमी जवान मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून बोलू लागला, की मामा रिमोटनं आवाज बंद करायचे. नुसते ओठ हलत राहायचे. जवानाने डोळे मिटले, की आवाज परत. ऐन रंगात आलेला प्रसंग हातचा जायचा, त्याचा मला रागच यायचा.

एकदा विचारलंच. मामांनी रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवला. "मरताना कुनी एवढं बोलत नसतंय, लेका."

मग शंकरचं सांगितलं. त्यांच्याच तुकडीतला, शेजारच्या गावचा. पोटात गोळी लागली आणि पाणी, पाणी करत गेला. पाणी नव्हतं. सुट्टीत मामा त्याची ट्रंक पोचवायला घरी गेले, तर त्याच्या आईनं हात धरला, "शेवटी काय म्हनला माझा शंकर?" त्या माउलीला 'पाणी' सांगवेना. थेटरात ऐकलेलं वाक्य मामांच्या तोंडून निघून गेलं : आईला सांग, मी पाठ दाखवली नाही. पुढे गावानं शंकरचं स्मारक बांधलं आणि त्यावर तेच कोरलं. मामा त्या गावाकडे पुन्हा फिरकले नाहीत.

तेराव्याला मामींनी मला बाजूला घेतलं. मामा गेले तेव्हा त्या औषध आणायला खाली गेल्या होत्या. "शेवटी काय म्हणाले रे?"

चांगली चांगली वाक्यं ओठांवर आली. भीती वाटली मला त्यांची.

"पाणी मागितलं, मामी."

"दिलंस ना?"

"दिलं. प्यायले."

मामी तेव्हा कुठे रडल्या.

परवा रविवारी त्यांनीच टीव्ही लावला. लढाई झाली, जखमी जवान बोलू लागला. रिमोट खुर्चीच्या हातावरच होता. मी आवाज बंद केला. शंकरचं मामींना ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. पडद्यावर ओठ हलत होते... मामी उठल्या, आत गेल्या, आणि पाण्यानं भरलेला तांब्या आणून खुर्चीपाशी ठेवला.