समासातलं पेव

ईरा आणि कबीर,

तुम्ही पॅरिसहून पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. जुनं हिब्रू पुस्तक, आणि धर्मग्रंथातल्या अवघड शब्दाशेजारी त्याचा अर्थ. अर्थ फ्रेंच, अक्षरं मात्र हिब्रू. तिथले ज्यू गुरुजी घरी-बाजारी ख्रिस्ती शेजाऱ्यांचीच भाषा बोलत, म्हणून मुलांना त्याच भाषेत समजावत. ‘आजी, असं आपल्याकडे कुणी केलंय का?’ असं तुम्ही विचारलंत. केलंय. असं एक पुस्तक मी स्वतः कटिंग मशीनवरून ओढून काढलंय. तुम्ही विचारलंत, म्हणून आज लिहिते.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी नांदेडहून तिथल्या सरकारी ग्रंथालयात बदलीवर आले होते. काम कॅटलॉगरचं. जुनं पुस्तक कोणत्या भाषेतलं, कशा अवस्थेत आहे, ते पाहून कार्ड तयार करायचं. पाऊस नव्हता. टँकर आला तरच ऑफिसातला माठ भरायचा. तशात ग्रंथालयाच्या साहेबांनी नव्या जिल्ह्याचं पहिलं ग्रंथप्रदर्शन काढलं.

त्यासाठी उदगीरचे निवृत्त शिक्षक बशीरचाचा यांनी आजोबांचं हस्तलिखित दिलं होतं. पैगंबरांच्या गोष्टी, फारसीत. समासात लाल शाईनं बारीक शब्द. बाहेरून आलेल्या फारसीच्या प्रोफेसरांनी रिपोर्ट दिला: ‘समासात निरर्थक खरडणं.’ तेवढ्यावर साहेबांनी पुस्तक बाइंडरकडे पाठवलं. वाळवी लागलेल्या कडा छाटायच्या, नवी बांधणी करायची.

मला कळलं आणि मी धावत तिथं पोचले, तेव्हा मशीन सुरू झालं होतं. मी हँडल धरलं, पुस्तक काढून घेतलं आणि तशीच ऑफिसात आले.

साहेब म्हणाले, “बाई, कडा सडल्यात. छाटल्या की कसं नव्यासारखं दिसेल.”

“कडांवर मजकूर आहे, साहेब.”

“प्रोफेसरांनी खरडणं म्हणून लिहून दिलंय. त्यांच्यापुढं तुम्ही कोण?”

“मराठी वाचणारी.”

“मराठी कुठाय त्यात? मला तर सगळं उर्दूच दिसतंय.”

“अक्षरं उर्दू आहेत. शब्द आपले आहेत.”

माझी शाळा निजामाच्या काळातली. उर्दू मला येत होती, कामापुरती फारसीही.

“उद्घाटन तोंडावर आलंय. पुस्तक द्या.”

“मजकुरासकट समास छाटावा, असं लिहून सही करा. देते.”

“मेमो काढीन.”

“काढा. तोही फाईलला लावते.”

तेवढ्यात बशीरचाचा आले. सोबत मल्लिनाथ अप्पा, उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले लिंगायत आडते, प्रदर्शन समितीचे सभासद. साहेबांना हायसं वाटलं.

“अप्पा, तुम्हीच सांगा या बाईंना.”

“मला काय कळतंय त्यातलं? वाचा बाई. ऐकू द्या.”

मी युसूफची गोष्ट उघडली. युसूफ म्हणजे तुमच्याकडचा जोसेफ. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, तिघांच्याही ग्रंथांत तो आहे. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाला स्वप्न पडतं. युसूफ सांगतो, सात वर्षं पिकेल, मग सात वर्षं दुष्काळ. धान्य साठवा. तिथं फारसीत शब्द होता ‘अंबार’. समासात लाल अक्षरांत त्याचा अर्थ: पेव. पुढं कडबा. पुढं कणसं. खाली फारसीत एक ओळ: ‘हे शब्द शेजारच्या लिंगायत आडत्याला विचारून लिहिले.’

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेलं कोठार.

अप्पा सरसावून बसले. “पेव? आमच्या आडतीमागं हाय की अजून. बुजवलंय. बशीरभाई, तुमच्या आज्यानं आमच्या आज्याला इचारलं व्हय?”

“दुसरं कोण व्हतं शेजारी? आज्याच्या मदरशात पोरं समदी शेतकऱ्याची. अंबार म्हटलं की तोंड बघत बसायची. पेव म्हटलं की कळायचं.”

“आन् साहेब, आमच्या आज्याचं बोलणं तुम्ही खरडणं म्हणून छाटाय निघालात!”

साहेबांनी कार्ड पुढं ओढलं. मग म्हणाले, “पण बाई, कार्डावर भाषेचा रकाना एकच आहे.”

“दुसरा आखून घेते.”

मी त्यांच्यासमोरच पट्टी काढली. फारसी एका रकान्यात लिहिलं, मराठी दुसऱ्यात. सही केली.

मेमो आला. पुस्तक मजकुरासकट जपणं हेच माझं काम आहे, एवढंच उत्तर दिलं. प्रदर्शनात पुस्तक कुरतडलेल्या कडांसकट ठेवलं. पाहुणे न थांबता पुढे गेले. अप्पा मात्र मोंढ्यातली माणसं आणत राहिले, आणि मला घसा कोरडा पडेपर्यंत वाचावं लागलं.

प्रोफेसर फारसीत कच्चे नव्हते. त्यांनी ते शब्द मोठ्यानं वाचले नाहीत, एवढंच. आपल्याला ज्याचा अर्थ लागत नाही ते निरर्थक म्हणायच्या आधी कुणाला तरी वाचून दाखवावं.

मी पोचण्याआधी सुरुवातीच्या पानांच्या कडा छाटल्या गेल्या होत्या. तिथले शब्द गेले. युसूफच्या गोष्टीपासून पुढचा सगळा समास, वाळवीच्या भोकांसकट, लातूरला आहे आणि वाचता येतो.