टपरीवर बोललेलं एक वाक्य

हसकेल अष्टमकरांना आमगावात येऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि त्यातली चोवीस गावाने त्यांना ख्रिश्चन समजून काढली. नाताळला लोक शुभेच्छा द्यायचे, मास्तर हसून घ्यायचे. समजावत कोण बसणार? कोकणात त्यांच्या आजोबांना शनवार तेली म्हणत, शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा म्हणून. इथे धानाच्या मुलखात तो शब्द कुणाच्या कानावरून गेला नव्हता. मास्तर रेल्वेत स्टेशनमास्तर होते, इथेच निवृत्त झाले, घर बांधलं. मुलगी रूथ लग्न करून इस्राएलला, अश्दोदला गेली. घरात ते आणि बायको सिपोरा, दोघंच.

दोन हजार आठच्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, त्यात ज्यूंचं एक केंद्रही होतं. टीव्हीवर ज्यू हा शब्द दिवसरात्र ऐकू आला, आणि गावाला अचानक कळलं की आपल्या स्टेशनचे मास्तर त्यातलेच. पुढच्याच महिन्यात गाझाची लढाई पेटली. अश्दोदवर रॉकेटं पडू लागली. रूथ तान्हं पोर घेऊन जिन्याखाली बसायची आणि तिथूनच फोन करायची. सिपोराने प्रेषित एलियाहू हन्नबीला मलिद्याचा, गोड पोह्यांच्या नैवेद्याचा, नवस बोलला.

त्याच दिवसांत मास्तर एका सकाळी मुन्नालालच्या टपरीवर गेले. टीव्हीवर गाझातलं एक इस्पितळ दाखवत होते. लोक जखमी पोरांना हातांवर घेऊन धावत होते.

"आइए मास्टरजी!" मुन्नालाल ओरडला. "आपके लोगों ने तो दिखा दिया. आज चाय मेरी तरफ से."

बाकड्यावरची माणसं सरकली. मधली जागा मोकळी झाली. मास्तर बसले. चहा आला, वर मलाई घातलेला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते टीव्हीकडे बघत म्हणाले, "आत्ता कुठे सुरुवात आहे. मुळासकट उपटतील."

टपरी खूश झाली. कुणीतरी पाठीवर थाप मारली. मास्तरांनी मान वळवली तेव्हा मागे हबीबभाई उभा होता, दुकानात चहा न्यायला आलेला, हातात किटली. त्याने कालच्या चहाचे पैसे ठेवले आणि किटली तशीच रिकामी घेऊन निघून गेला.

हबीबभाईचं कोंबडीचं दुकान समोरच, रस्त्यापलीकडे. आमगावात मास्तरांच्या धर्माप्रमाणे जनावर कापणारा कुणी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आल्या वर्षापासून हबीबभाईचा हात मान्य केला होता. एक रीत मात्र सोडली नाही. हबीबभाई आधी सुरी त्यांच्या हाती द्यायचा, मास्तर धारेवरून नख फिरवून कुठे खाच आहे का पाहायचे, मग तो कापायचा. "पास?" तो विचारायचा. "पास." कोंबडी कापायला हीच दोन माणसं, हेच दोन शब्द.

त्या दिवसानंतर मास्तर तिकडे फिरकले नाहीत. घरी सांगितलं, दुकान बंद असतं.

लढाई थांबली. रूथ सुखरूप होती. सिपोराने पोहे भिजवले, नारळ खवला, पाच फळं मांडली.

"अहो, काळीज आणा ना. मलिद्याच्या ताटात लागतं."

"दुकान बंद आहे."

"मघाशी शेजारची शामकला तिथूनच आली. काय झालंय तुमचं?"

मास्तरांनी चप्पल घातली. किप्पूरचा, वर्षाच्या प्रायश्चित्ताचा, उपास देवाच्या अपराधाला चालतो, माणसाच्या नाही, त्याच्यासाठी त्याच्याच दारात जावं लागतं, हे त्यांना लहानपणी शिकवलं होतं. वाटेत तेच आठवत राहिलं.

हबीबभाईने पिंजऱ्यातून कोंबडी काढली. विचारलं, "रूथ बेटी कैसी है?"

"बरी आहे."

"अल्लाह का शुक्र." त्याने सुरी पुढे केली. मास्तरांनी हात पुढे केला नाही.

"हबीबभाई, त्या दिवशी टपरीवर..."

"सुना मैंने. वहीं खड़ा था. बेटी वहाँ फँसी थी. डर में आदमी बोल जाता है."

हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

"नाही," मास्तर म्हणाले. "त्या वेळी रूथ माझ्या मनातच नव्हती. ती पोरं दिसत होती मला. तरी बोललो. सगळे बघत होते, बरं वाटलं."

हबीबभाईने सुरी खाली ठेवली. "ये नहीं बताते तो अच्छा था, मास्टर."

"माफ करा."

"अकेले में क्या माफ करूँ? बोले थे सबके सामने."

मास्तर रस्ता ओलांडून टपरीवर गेले. दुपार कलली होती, बाकडी भरलेली. "मुन्नालाल, मी त्या दिवशी इथे बोललो ते चुकीचं होतं. पाप होतं. ते मी परत घेतो."

धानाचे दलाल केशोराव पुढे सरकले. "काऊन मास्तर? हबीबनं दम देल्ला का तुमाले?"

"छे! त्याचा काय संबंध?"

"आत्ताच तर त्याच्या दुकानातून येऊन राहिले तुमी. आमी पाहून राहिलो ना."

"मीच बोललो, माझ्या मनाने."

"मंग इतके दिवस काऊन नाही बोलले?"

"डरना मत मास्टरजी," मुन्नालाल म्हणाला. "हम हैं ना. बस नाम बोलो."

मास्तर जितक्या मोठ्याने नाही म्हणत गेले तितकी लोकांची खात्री पटत गेली. दोघं-तिघं उठून उभे राहिले, समोरच्या दुकानाकडे बघू लागले. आपण क्षमा मागायला आलो आणि एका माणसावर संशय टाकून बसलो, हे मास्तरांच्या ध्यानात आलं. आता शब्दांनी काही सुटणार नव्हतं.

ते पुन्हा रस्ता ओलांडून गेले. हबीबभाईच्या दुकानाबाहेर एक उलटं खोकं पडलं होतं. त्यावर टपरीकडे तोंड करून बसले, सगळ्यांना नीट दिसतील असे, ज्याची भीती वाटते म्हणत होते त्याच्याच दारात.

"अब क्या हुआ?" हबीबभाईने विचारलं.

मास्तरांनी घडलं ते सगळं सांगितलं. हबीबभाई ऐकत राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याचं काम करून दिलं. दुसरं आलं. मास्तरांना त्याने ना जा म्हटलं, ना आत बोलावलं. घरी पोहे भिजून फुगले असतील, सिपोरा दारात येऊन बघत असेल. समोरची उभी राहिलेली माणसं एकेक करून खाली बसली. मास्तर शटर पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.