खालाकडे ठेवलेलं मूल

लोक मला खून, दरोडे, दंगे यांच्या हकिगती विचारतात. पण सगळ्या नोकरीत जी चौकशी माझ्या मनातून गेली नाही, ती एका अडीच वर्षांच्या मुलाची आहे.

तेव्हा मी हैदराबादेत दिलसुखनगर भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या गल्लोगल्ली लागत होत्या आणि पुण्या-मुंबईची तरुण जोडपी नोकरीसाठी आमच्या हद्दीत राहायला येत होती. माझं घराणं निजामाच्या काळापासून इथलं, शिक्षण जामबागेतल्या मराठी शाळेत. त्यामुळे मराठी माणूस ठाण्यात आला की कॉन्स्टेबल त्याला सरळ माझ्यापुढे आणून बसवत.

एका संध्याकाळी जवळच्या दवाखान्यातून फोन आला. एक लहान मूल दाखल झालंय, हाका मारून उठत नाही, गुंगीचं औषध पोटात गेल्याचा संशय आहे. मी स्वतः गेलो. डॉक्टर म्हणाले, "सर्दीच्या औषधानं झोप येते ना, तसलं काहीतरी जास्त गेलंय. धोका टळलाय, पण अजून थोडं गेलं असतं तर मी हे सांगू शकलो नसतो."

आई मुलाचं पाऊल हातात धरून बसली होती. पुण्याची, कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. नवरा पेजर विकणाऱ्या कंपनीत होता. तो खिडकीपाशी उभा होता.

"साहेब, दिवसभर तो त्या सांभाळणाऱ्या बाईकडे असतो. आज न्यायला गेले तर उठेचना," ती म्हणाली. "दुसरं कोण देणार? मुलं झोपली की यांना बरंच."

ती बाई म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारी एक विधवा. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती नोकरदारांची सहा-सात मुलं सांभाळायची. मुलं तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत, म्हणून मोठेही खालाच म्हणत. या जोडप्यानं आधी एक इंग्रजी प्लेस्कूल पाहिलं होतं. तिथे भिंतींवर चित्रं होती, पण मुलं गप्प बसलेली दिसली. खालाच्या घरात गोंधळ होता, आणि आईला तोच आवडला होता. आता तीच आई तिच्याविरुद्ध फिर्याद लिहून देत होती.

सकाळी पंचांना घेऊन आम्ही खालाच्या घरी गेलो. फ्रिजमध्ये सर्दीच्या औषधाची बाटली सापडली. ती दुसऱ्या एका मुलीची होती आणि तिच्या आईनं तसं सांगितलंही. पण पोलिसांची जीप दारात उभी राहिल्यावर कोण थांबतं? दुपारपर्यंत बाकीचे आईबाप आपापलं मूल उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालाला चौकशीला बोलावलं. ती रडली नाही. महिला कॉन्स्टेबलनं दिलेल्या पाण्याला हात न लावता बसून राहिली.

"औषध दिलं की नाही?" मी दरडावलं.

"मैं काय कू देती साब? बच्चा घर से इच सोता हुआ आता. आधा दिन सोता. मैं उसके डैडी कू दो-तीन बार बोली, ये ठीक नई दिखता, डाक्टर कू दिखाओ. रात कू जागा बोलके बोले और गाडी घुमा के चले गए."

"आईला का नाही सांगितलं?"

"उनो शाम कू थक के आते साब. बच्चा तब तक जाग के खेलता रहता. उनकू क्या डराना?"

समोर बसलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतोच, हे पोलिसाला नवीन नसतं. तरी मी तिचं म्हणणं खोडून टाकलं नाही. खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला घाईनं बोलतो. ही बाई मुलाला डॉक्टरकडे नेलं असतं तर बरं झालं असतं, हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुरवणी जबाबासाठी मी त्याच दुपारी नवरा-बायकोला बोलावलं. मुलाला आजीकडे सोपवून दोघं आली. आजी पुण्याहून धावत आली होती. मी आईला साधंच विचारलं, "खालाकडे जाताना तो रडायचा का?"

"सुरुवातीला फार. सकाळी सोडायला हे जायचे. सांगायचे, गेटला धरून बसतो, सोडतच नाही. मग एकदम थांबला. रुळला म्हणून मला किती बरं वाटलं होतं."

"एकदम म्हणजे?"

"एकदमच. एका सोमवारपासून."

मी दोन मुलं वाढवली आहेत. रडणं कमी होत जातं, एखाद्या दिवशी पुन्हा उसळतं, मग विरतं. नळ बंद केल्यासारखं थांबत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. दवाखान्यातही तो एक शब्द बोलला नव्हता. ज्याच्या मुलावर विषप्रयोग झाला, तो बाप एवढा गप्प नसतो.

मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. आवाज चढवला नाही. "ती बाई सकाळपासून आत बसलीये," एवढंच म्हणालो. "तिच्याकडचं शेवटचं मूलही गेलं."

तो भिंतीला टेकला. "एकच चमचा द्यायचो, साहेब. ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं, त्याच्याही घरी देतात म्हणाला. पोरगा माझ्या शर्टाला धरून ओरडायचा हो. मला बघवत नव्हतं. परवा मुंबईहून आमचे मोठे साहेब येणार होते, उशीर नको म्हणून दोन दिले."

आत येऊन त्यानं बायकोसमोर ते पुन्हा सांगितलं. ती त्याच्याकडे वळली.

"त्याचं रडणं थांबत नाहीये, हे मला का नाही सांगितलंस?"

"तू नोकरी सोडली असतीस."

"ते मी ठरवलं असतं," ती म्हणाली. मग उठली आणि बाकावर बसलेल्या खालासमोर जाऊन उभी राहिली. खालानंच विचारलं, "मुन्ना उठा क्या? कुछ खाया?" तेव्हा आई तिथेच खाली बसून रडू लागली.

बापानं लेखी जबाब दिला. वरिष्ठांनी त्याला समोर बसवून कडक समज दिली. मुलाला कायमची इजा नव्हती. गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून कोर्टात अंतिम अहवाल गेला. कायद्याचं काम तिथे संपलं. पण खालाच्या खोल्या रिकाम्याच होत्या, आणि अंतिम अहवाल इतर मुलांच्या आईबापांना वाचायला मिळत नाही.

ते काम त्या आईनं केलं. रजा काढून, नवऱ्याला बरोबर घेऊन ती एकेका घरी गेली. दार उघडलं की त्याला पुढे करायची. तो सांगायचा, "औषध मी दिलं होतं. खालांचा दोष नाही." आमच्या हेड कॉन्स्टेबलच्या मेहुणीची मुलगी तिथे जायची, तिच्याकडून मला हे कळलं. काही लोकांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. तरी निम्मी मुलं परत आली.

पुढे एकदा गस्तीवर असताना मी सकाळी त्या गल्लीतून गेलो. मुलगा गेटला लटकून गळा काढून रडत होता. आईनं त्याला कुरवाळलं, "संध्याकाळी येते" म्हणाली आणि मागे न बघता बसस्टॉपकडे निघाली. तिचेही डोळे भरलेले होते. खालानं त्याला कडेवर घेतलं आणि कुंपणावरचं मांजर दाखवलं. मी जीप थांबवायला सांगितली नाही.

पोलिसांना संशय बाहेरच्यावर घ्यायची सवय असते, आणि आईबापांनाही. माझ्या मुलीनं आपल्या लेकीसाठी पाळणाघर शोधताना मला विचारलं, "बाबा, काय काय बघू?" मी म्हटलं, जागा बघ, दुपारी न कळवता जा, सगळं कर. पण सांभाळणारी बाई तुला न आवडणारी गोष्ट सांगते का, हे आधी बघ. आणि तिनं सांगितली, तर गाडी बंद करून खाली उतर.