डावी बाही

कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी एका नामांकित नटीची डावी बाही तिच्या सिनेमातल्या साऱ्या वर्षांत मनगटापर्यंत शिवली. लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात तिचा तो हात कोपरापासून खाली भाजला होता, आणि निर्मात्यांना तो पडद्यावर नको होता. उजवी बाही आखूड, डावी लांब. लोकांना वाटले, ही नवी तऱ्हाच आहे! शिंप्यांकडे धडधाकट हातांच्या पोरीबाळीही तशाच बाहीचा हट्ट धरू लागल्या.

"बये, तुझ्या कात्रीनं जगाला खुळं केलंय," असे म्हणून नटी पोट धरून हसे.

पुढे तिने सिनेमा सोडला, राहते घर विकले आणि भाजलेल्या बायकांसाठी रुग्णालय उभारले. तेथे मात्र ती बिनबाह्यांच्या कपड्यांत वावरे. एखादी नवी बाई तोंड झाकून पडलेली दिसली, की तिच्या खाटेवर टेकून आपला हात पुढे करी. "आधी माझा बघ. वाटलं तर मग तुझा दाखव." कित्येकींचे पांघरूण त्या हातामुळे तोंडावरून खाली आले.

ती गेल्यावर विश्वस्तांनी वॉर्डात तिचे तैलचित्र लावले. ते पाहताच, तिच्यासोबत रुग्णालयात कामाला आलेल्या मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चित्रातले दोन्ही हात उघडे होते, आणि दोन्ही लोण्यासारखे नितळ.

"हा हात कुणाचा?"

"मावशी, लोकांना त्या सुंदरच आठवायला हव्यात," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले.

"सुंदर होतीच की! नव्हती असं तुम्ही म्हणताय, साहेब."

"आता रंग वाळलाय. उगाच वाद कशाला?"

"मी तो हात पोटासाठी झाकला. पण झाकला हो, पुसला नाही! तुम्ही ती डोळ्यांआड होताच पुसलात, तोही या बायकांसमोर?"

आदल्या दिवशीच आलेली एक बाई खाटेवरून चित्र न्याहाळत होती. तिने आपल्या हातांकडे पाहिले आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतले.

मावशींनी स्टूल ओढले.

"अहो, पडाल!"

"पडले तर खाटा इथंच आहेत." मग परिचारिकेला म्हणाल्या, "खालून धर गं."

अध्यक्षांकडे न पाहता परिचारिका पुढे झाली. दोघींनी चित्र उतरवून तोंड भिंतीकडे करून ठेवले.

"भाजलेला हात चितारून आणा," मावशी म्हणाल्या. "तोवर हा खिळा मोकळाच राहील."