कुणाशी भांडण हाय का?

लोकांची भांडणं मिटवण्यात, आणि मिटवता मिटवता दोन नवी लावून देण्यात, आमच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही आणि होणारही नाही. हे मी कौतुकाने लिहितोय असं कुणी समजू नये. मनात राग धरूनच लिहितो आहे, आणि तसं आधीच सांगून टाकलेलं बरं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. अहमदपूरच्या एका शाळेत ड्रिल मास्तर. गळ्यातली शिट्टी झोपतानाही निघत नसे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा एक घोट, एवढंच. पण ते घेण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी समेट करून यावं, अशी शिकवण. बाकीची मंडळी ती ऐकून माना डोलवायची. मामांनी मात्र ती हुकूम म्हणूनच घेतली. आदल्या शनिवारी सायकल काढून ते गावभर माफी मागत फिरत. एकदा किराणा दुकानवाल्या आप्पांपुढे जाऊन उभे राहिले. आप्पा गळ्यात लिंग बांधणारे, त्यांना आमच्या प्रभुभोजनाशी काय देणंघेणं? मामा म्हणाले, "आप्पा, मागल्या महिन्यात मी तुमाला लुच्चा म्हणलो. माफी द्या." आप्पा म्हणाले, "मला तर ठावंच न्हाई. कुणाकुणापाशी म्हणलात?" मामांनी इमानदारीने सगळी नावं सांगितली. पुढे महिनाभर आप्पांनी आमच्या घरात साखरेचा दाणा येऊ दिला नाही.

रविवारी तर कहरच. चर्चच्या दारात पाय रोवून उभे राहायचे आणि येईल त्याला विचारायचे, "कुणाशी भांडण हाय का?" हाय म्हटलं की शिट्टी, आणि बाजूला. आमचे पाळकसाहेब बिलोलीकडचे, फार मवाळ. ते म्हणत, "मास्तर, हे प्रभूचं मेज आहे, तुमचं मैदान नव्हे." त्यावर मामा म्हणत, "म्हणून तर शिस्त पायजे साहेब."

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पेढे वाटून झाले, पाट्या रंगवून झाल्या, आणि मग पावसाने जी पाठ फिरवली ती दोन वर्षं. नव्या जिल्ह्याकडून आमच्या गल्लीला काय मिळालं, तर आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर. शिट्टी होती म्हणून रांग लावायचं काम मामांकडे आलं. एके दिवशी आईने उजाडताच घागर नेऊन लावली होती. टँकर आल्यावर मागच्या बाया ओरडल्या, "मास्तरची बहीण हाय म्हणून पुढं घुसली!" मामांनी घागरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, शिट्टी मारली, आणि घागर उचलून रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. तिचा नंबर येईपर्यंत टँकर कोरडा झाला. रिकामी घागर कमरेवर घेऊन आई एवढंच म्हणाली, "दादा, माझी घागर पुढं होती का न्हवती, तुमीच सांगा." मामांनी शिट्टी मारली आणि रांग पांगवली.

पुढच्या प्रभुभोजनाला दारात पुन्हा तोच प्रश्न. टँकरपायी प्रत्येकाचं कुणाशी ना कुणाशी वाजलेलं. मामांनी झाडून सगळ्यांना बाहेर काढलं. आत पाळकसाहेब भाकर घेऊन एकटेच, आणि बाहेर सगळी मंडळी घसा फोडून एकमेकांना क्षमा करते आहे. तासाभराने एकेक करून सगळे आत गेले. उरली आई.

"मला इचारा की," ती म्हणाली.

"तुला काय इचारू? भांडण तर माझंच हाय."

दोघं आत आले आणि शेवटच्या बाकांवर बसले, ते पुरुषांच्या बाजूला, ती बायकांच्या. भाकर समोरून गेली. दोघांनीही घेतली नाही. हे एक महिना नव्हे, अकरा वर्षं चाललं.

अकरा वर्षं! माझं डोकं फिरतं ते इथे. ज्या माणसाला आप्पांनी न ऐकलेली शिवी दुकानात जाऊन सांगता येते, त्याला सख्ख्या बहिणीपाशी एक वाक्य बोलता येऊ नये? कसली ही शिस्त?

आई अंथरुणाला खिळली तेव्हा पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. तिने तोंड फिरवलं. म्हणाली, "आदी दादाला बोलवा." मामा आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी खिशात घातली.

"तुझीच घागर पुढं होती. माझ्या डोळ्यानं पाहिलं होतं. मास्तर बहिणीची बाजू घ्यायलाय, असं लोक म्हणतील म्हणून भ्यालो."

"मला ठावं होतं," आई म्हणाली. "तुमच्या तोंडून पायजे होतं."

मामा उंबरा ओलांडून आत आले, आणि दोघांनी एकाच तुकड्यातली भाकर घेतली. आईला गिळवेना, म्हणून तिचा घास रसात भिजवून दिला. त्यानंतरचा पहिला रविवार तिला काही लाभला नाही.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. दारात खुर्ची टाकून बसतात, शिट्टी नसते, पण प्रश्न तोच. लहानथोर सगळ्यांना विचारतात. मला मात्र विचारत नाहीत. मी आलो की मान खाली घालतात. मीही मुकाट्याने आत जातो, शेवटच्या बाकावर बसतो आणि भाकर समोरून जाऊ देतो. गेल्या महिन्यात मात्र दारातच थांबलो. म्हटलं, "मामा, मलाच तेवढं का नाही विचारत?"

"तू हाय म्हणशील, म्हणून," ते म्हणाले.

आज शनिवार आहे, उद्या महिन्याचा पहिला रविवार. सायकल बाहेर काढून ठेवली आहे. माफी कुणी कुणाची मागायची, ते त्यांच्या उंबऱ्यावर गेल्यावर ठरेल.