इंजिन बदलेपर्यंत

दौंड जंक्शनात गाडीचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावेपर्यंत खिडकीतल्या माणसाचं अख्खं आयुष्य वहीत उतरवून घेणारा माणूस उभ्या हिंदुस्थानात एकच झाला, आणि तो माझा साडू आहे. पुण्याहून मनमाडच्या अंगाला जाणाऱ्या गाड्या पूर्वी दौंडात शिरायच्या आणि तिथून उलट्या फिरायच्या. त्यात वीस-पंचवीस मिनिटं जायची. प्रवासी रेल्वेच्या नावानं खडे फोडायचे, वडापाववाले ओरडायचे, आणि पार्सल ऑफिसात नोकरीला असलेले आमचे साडू काखोटीला लांबडी वही मारून डब्यांच्या कडेकडेनं निघायचे. तालुक्यातल्या एका साप्ताहिकात 'खिडकीतली माणसं' नावाचं त्यांचं सदर होतं. त्यात सिनेमातले नट आणि नामांकित पैलवान यायचे, आणि ज्यांचं नाव स्वतःच्या आळीतही कुणाला धड माहीत नसावं असे लोकही यायचे. साडूंना दोघं सारखेच.

त्यांचे प्रश्न ठरलेले असत, फक्त ते भलत्याच माणसाला विचारले जात. एकदा सिनेमातला एक गाजलेला खलनायक त्यांच्या तावडीत सापडला. त्याला यांनी विचारलं काय, तर घरी पाणी किती दिवसाआड येतं आणि दळण कोण आणतं. तो बिचारा इतकी वर्षं भूमिकांवर बोलून कंटाळलेला असावा. इंजिन लागेपर्यंत तो गुडघेदुखीवर आणि आईच्या हातच्या पिठल्यावर बोलत होता. त्याच दिवशी दुसऱ्या गाडीत ऊसतोडीहून गावी परतणारा एक गडी होता. त्याला साडूंनी विचारलं, "नव्या पिढीला काय संदेश द्याल?" गडी म्हणाला, "कोयता धरायचीच येळ आली तर हलका घ्या म्हणावं. मनगाट जातं." त्या आठवड्यात वर मोठ्या टायपात मनगट छापून आलं आणि खाली बारक्या टायपात खलनायकाचं पिठलं.

हे वेड प्लॅटफॉर्मपुरतं असतं तर मी काही म्हटलं नसतं. आमची दोघांची सासुरवाडी मांडवगण फराट्याची. तिथंच माझं लग्न लागलं, आणि अक्षता पडून चार तास होत नाहीत तोच या थोरल्या साडूंनी मला मांडवामागं नेऊन विचारलं, आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग कोणता. मी म्हणालो, आज दुपारी बारा बावीसचा. त्यांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं. पुढं त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी टेबलावरूनच विचारायला घेतलं, "तुम्ही ह्या क्षेत्राकडं कशा..." आणि डोळे मिटले. तीन तासांनी जागे झाले ते "...वळलात?" म्हणत. तोवर डॉक्टरीणबाई घरी गेल्या होत्या. समोर वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी फडकं बाजूला ठेवून उत्तर दिलं, आणि मुलाखत त्यांचीच छापून आली. ती फार चांगली झाली होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

मुलाखतीचा शेवट मात्र सगळ्यांचा एकच. आधी विचारायचे, "काय राहून गेलं?" आणि त्याचं उत्तर मिळालं की अगदी शेवटी नाव. आपण सगळे नावापासून सुरुवात करतो, हे नावावर संपवत. माझी मेहुणी आजही सांगते, "मला बघाय आलते तवा तासभर इचारपूस केली आन् नाव इचारलं उठता उठता. आमची आई म्हणली, पोरगं येडं हाय का काय." मी एकदा साडूंना कारण विचारलं. म्हणाले, "नाव आधी इचारलं की मानूस छाती काढून बसतो, पाव्हणं. शेवटी इचारावं. तवर त्यो आपला झालेला असतो." हे ऐकून मला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. आता तेच वाक्य आठवलं की वाईट वाटतं.

त्याचं कारण एक बाई आहे. हिवाळ्यातली दुपार होती. साध्या डब्याच्या खिडकीशी साठीच्या पुढच्या एक बाई शाल पांघरून बसल्या होत्या. साडूंनी काय करता विचारलं, तर म्हणाल्या, नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. अठ्ठावीस वर्षं त्या विंगेत पुस्तक आणि बॅटरी घेऊन बसल्या होत्या. अकरा नाटकांच्या नायिका तोंडपाठ, पण रंगमंचावर पाऊल ठेवलं ते फक्त पडलेली हेअरपिन उचलायला. बाईंचा आवाज असा, की ज्याला हवा त्यालाच ऐकू जावा. "पहिल्या रांगेला ऐकू गेलं तर माझं काम चुकलं," असं त्या म्हणाल्या. साडू त्या दिवशी घड्याळ विसरले. पाच पानं भरली. मग त्यांनी विचारलं, काय राहून गेलं. बाईंनी एवढा वेळ घेतला की पलीकडच्या टोकाला इंजिन लागलं. त्या बोलायला लागल्या आणि नेमका त्याच वेळी भोंगा वाजला. साडूंना ओठ हलताना दिसले. सात-आठ शब्द असतील. मग गाडी हलली. साडू प्लॅटफॉर्म संपेपर्यंत खिडकीबरोबर पळाले, पण ज्या बाईनं अठ्ठावीस वर्षं हळू बोलायची सवय लावून घेतली ती ओरडणार कशी? आणि नाव तर अजून विचारायचंच होतं.

ती पाच पानं साडूंनी छापायला दिली नाहीत. संपादकांनी सुचवलं, शेवट आपल्या मनानं लिहा, कोण बघायला येतंय. त्यावर हे त्यांच्याशी दोन महिने बोलले नाहीत. पुण्यातल्या नाटकवाल्यांना त्यांनी पत्रं लिहिली. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी एकच विचारलं, बाईंचं नाव काय? जाहिरातीत प्रॉम्प्टरचं नाव येत नाही, त्यामुळं जुने कागद चाळूनही उपयोग झाला नाही. मग साडू रोज त्याच गाडीला त्याच डब्यापाशी उभे राहू लागले. मेहुणी आरशासमोर बसून वेणी घालत असली की हे तिला सांगायचे, आवाज न काढता काहीतरी बोल, बघू मला वळखता येतंय का. ती बोलायची. काय बोलायची ते तिनं मला सांगितलं आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढं साडू निवृत्त झाले आणि रेल्वेनं गावाबाहेरून कॉर्ड लाईन टाकली. आता त्या गाड्यांना दौंडात शिरून उलटं फिरायची गरज उरली नाही. अर्धा तास वाचला म्हणून लोक खूश झाले. खोटं कशाला बोलू, मीही झालो. आमच्या साडूंना मात्र आठ दिवस जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी स्कूटर काढली आणि कॉर्ड लाईनच्या थांब्यावर गेले. तिथं गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. दोन मिनिटांत आयुष्य मावत नाही, म्हणून त्यांनी बाकीचे प्रश्न टाकले आणि एकच ठेवला. डब्याच्या कडेनं चालत जायचं आणि प्रत्येक खिडकीत विचारायचं, "काय राहून गेलं?" लोक दचकून सामान मोजायला लागायचे. एकाची बॅग खरंच पुण्याच्या स्टेशनावर राहिली होती, त्यानं यांनाच चार शब्द सुनावले. एका म्हातारीनं गाठोडी चाचपली आणि म्हणाली, "न्हाई बाबा, समदं हाय." साडूंनी ते लिहून घेतलं. असं उत्तर देणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं.

एका दुपारी मी शिरूरहून मुद्दाम गेलो आणि त्यांच्याबरोबर थांब्यावर उभा राहिलो. गाडी आली, गेली. ऊन मी म्हणत होतं. इतक्या वर्षांत या माणसाला त्याचाच प्रश्न कुणी विचारला नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी म्हणालो, साडूभाऊ, तुमचं काय राहून गेलं? त्यांनी सवयीनं पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"नाव इचारायचं," ते म्हणाले. "नाव असतं तर कागद तरी धाडला असता. लिवलं असतं, बाई, जरा मोठ्यानं सांगा."

मागच्या महिन्यात मला पुण्याहून मनमाडला जायचं होतं. मेहुणीला फोनवर बोलता बोलता सांगून ठेवलं होतं, म्हणून कॉर्ड लाईनला साडू माझ्या खिडकीशी आले. भाकरी आणि ठेच्याचा डबा गजांतून आत दिला, पोरांची चौकशी केली. पण त्यांची नजर माझ्या पुढच्या खिडकीवर होती. माझी मुलाखत कधीच होऊन गेलेली. मी म्हणालो, "जावा पुढं, साडूभाऊ. डबे लई राहिल्यात." ते लगेच गेले. मी गजांना गाल लावून बघत राहिलो. थकलेत आता, डावा पाय ओढतात. तिसऱ्या डब्यापर्यंत पोचले आणि गाडी हलली.

मला बसवेना. डबा बाकावर ठेवून मी उठलो आणि ते जिथपर्यंत पोचले नव्हते त्या डब्यांतून चालत निघालो. चौथ्या की पाचव्या डब्यात खिडकीशी एक म्हाताऱ्या बाई शाल पांघरून बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसलो आणि आधी नाव विचारलं.